जुलैतलं फुलपाखरू, जानेवारीतलं पान

आजचा भाग एका चुकीपासून सुरू करतोय. चूक माझीच आहे, त्यामुळे बिनधास्त हसा.

दोन वर्षांपूर्वी जुलैत गावी गेलो होतो. दिवेलागणीची वेळ, घरामागची पाणंद, गुडघाभर गवत. त्यातून एक तपकिरी फुलपाखरू उठलं आणि पुढं जाऊन बसलं. मिटलेल्या पंखांवर डोळ्यांसारखे गोल ठिपके, एका ओळीत. फोटो काढला, ॲपवर टाकला, नाव मिळालं: कॉमन ईव्हनिंग ब्राऊन. मग जानेवारीत परत गेलो. त्याच पाणंदीत पाचोळ्यातलं एक वाळकं पान उडालं, चार हातांवर जाऊन पुन्हा पान झालं. डोळे गायब, पंखाचं टोक जास्त बाकदार. मी वेगळी जात म्हणून नोंद ठोकली, वर ग्रुपवर मिरवलं. दहा मिनिटांत उत्तर आलं, "दादा, हे तेच आहे. पावसाळ्यातला ड्रेस वेगळा, हिवाळ्यातला वेगळा."

लाज वाटली खरी. पण मग जुनं वाचायला घेतलं, तर कळलं की या चुकीत मी एकटा नाही. कार्ल लिनीयसनं 1758 मध्ये या फुलपाखराला 'लेडा' नाव दिलं. पुढं सतराएक वर्षांनी पीटर क्रेमरनं 'इस्मेने' नावाचं फुलपाखरू छापलं. ते म्हणजे याचंच कोरड्या दिवसांतलं रूप! आता बघा, ही माणसं युरोपात बसून काम करत होती. त्यांच्यापुढं होतं टाचणीला टोचलेलं मेलेलं फुलपाखरू. ते कुठल्या महिन्यात पकडलं, हे ते फुलपाखरू कसं सांगणार?

ही भानगड सोडवायला भारतातच कुणीतरी वर्षभर बसायला हवं होतं. तसा माणूस कलकत्त्यात भेटला. लिओनेल द निसेव्हिल, सरकारी कचेरीतला कारकून. त्यानं जाळं घेऊन नुसतं पळत सुटण्याऐवजी माद्यांकडून अंडी मिळवली, अळ्या गवतावर वाढवल्या आणि कोषातून काय बाहेर पडतं याची वाट बघितली. ईव्हनिंग ब्राऊनच्याच गटातली, गवतावर वाढणारी ही फुलपाखरं. एका रूपाच्या आईच्या अंड्यांतून दुसऱ्या रूपाची पोरं निघाली! 1886 मध्ये त्यानं हे बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या जर्नलमध्ये मांडलं. वेगळ्या जाती म्हणून नावं दिलेली काही फुलपाखरं एकाच जातीची निघाली. हाच माणूस 1901 मध्ये सरकारचा कीटकशास्त्रज्ञ झाला आणि त्याच वर्षी मलेरियानं गेला. डास चावून. काय म्हणावं!

आता दोन ड्रेस कशाला? पावसात हिरवळ असते, फुलपाखरू हिंडतं, अंडी घालतं. पक्ष्यानं किंवा सरड्यानं झडप घातलीच, तर ती कडेच्या खोट्या डोळ्यावर पडते. पंखाचा तुकडा जातो, जीव वाचतो. कोरड्या दिवसांत मात्र पाचोळ्यात गप पडून राहणं हाच धंदा. तिथं डोळे चमकले तर घात. पुढच्या संशोधनातून कळलं की अळी वाढत असतानाच्या तापमानाचा यात मोठा हात असतो.

आपल्या बाजूला हेच अळी पाळायचं काम कारवारकडं झालं. तेव्हा उत्तर कानडा जिल्हा मुंबई इलाख्यात होता. जेम्स डेव्हिडसन कलेक्टर, टी. आर. बेल जंगल खात्यात आणि एडवर्ड हॅमिल्टन एटकेन मीठ-जकात खात्यात. एटकेन जन्मानं सातारचा बरं का, 1851 चा! कुठली अळी कुठल्या झाडावर, हे या तिघांनी बघून बघून लिहिलं आणि 1896 च्या सुमारास मुंबईच्या बीएनएचएसच्या जर्नलमध्ये छापलं. बेल तर निवृत्तीनंतरही कारवारलाच राहिला, 1948 मध्ये वारला.

एक गोष्ट मात्र मला खटकते. नावं! कमांडर, सार्जंट, सेलर, बॅरन. फुलपाखरांची यादी आहे की पलटणीचा हजेरीपट? 'नवाब' आणि 'राजा'सुद्धा आहेत, म्हणजे दरबार पूर्ण. आपल्या राज्य फुलपाखराला, ब्लू मॉरमॉनला, 2015 मध्ये दर्जा मिळाला तेव्हा 'राणी पाकोळी' हे नाव गाजलं, आता 'नीलवंत' म्हणतात. मला 'नीलवंत' जास्त आवडतं.

चतुरांचं मराठी आधीपासून ठीक आहे. पंख पसरून बसतो तो चतुर, बारीक अंगाची आणि बहुतेक वेळा पंख मिटून बसते ती टाचणी. यांच्यावर लष्करी डॉक्टर एफ. सी. फ्रेझरनं 1933 ते 1936 मध्ये तीन जाडजूड खंड लिहिले. मी लहानपणी चतुराच्या शेपटीला दोरा बांधून उडवायचो. कबूल करतो. पावसाळा सरताना माळावर थव्यानं दिसतो तो पिवळसर चतुर, पॅन्टाला. तो भारतातून मालदीववरून समुद्र ओलांडत पूर्व आफ्रिकेकडं जातो, असं चार्ल्स अँडरसननं 2009 मध्ये मांडलं. मालदीवमध्ये साठलेलं गोडं पाणी जवळपास नाही, तरी ऑक्टोबरपासून हे चतुर हजारोंनी येतात, तिथून त्याला संशय आला. आणि मी त्याला दोरा बांधत होतो.

या जानेवारीत पुन्हा पाणंदीत गेलो. आता तिथं सिमेंटचा रस्ता आहे. आजीला बरं झालं, चिखलातून जावं लागत नाही, त्यामुळे तक्रार कुणाकडं करू? पाचोळा नाही, वाळकं पान उडालं नाही. संध्याकाळी तीन दिवस बसलो. शेवटी गोठ्यामागं, पेंढ्याच्या कडेला, एक दिसलं. टोकाला बाक, डोळे नाहीत. नोंद केली: तारीख, वेळ, जागा, 'कोरड्या दिवसांतलं रूप'. आणि जुनी चुकीची नोंद होती ना, तीही दुरुस्त केली, फोटो तसाच ठेवला. ती पाणंद आता त्या फोटोतच आहे.

तुमच्याकडं जुलै आणि जानेवारी असे दोन्ही फोटो असतील तर तारखेसकट पाठवा. पुढच्या भागात बेलच्या अळ्यांबद्दल बोलू.