पिंपरीचे हमायसिन आणि औषधांना दाद न देणारे यीस्ट

मुंबईहून पुणे, बेळगाव, धारवाड व हुबळीमार्गे दक्षिणेकडे जाणाऱ्या जुन्या राष्ट्रीय महामार्ग क्र. ४ वर पिंपरी लागते. येथे १९५४ साली हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला. तो पेनिसिलिनसाठी प्रसिद्ध आहे. परंतु बुरशीनाशक औषधांच्या इतिहासातही त्याचे स्थान आहे. डॉ. एम. जे. तिरुमलाचार व त्यांच्या सहकाऱ्यांनी येथे मातीतील एका सूक्ष्मजीवापासून मिळविलेले 'हमायसिन' १९६१ साली जाहीर केले. त्या सूक्ष्मजीवाला पिंपरीवरून 'स्ट्रेप्टोमायसेस पिंप्रिना' हे नाव देण्यात आले.

न्यूयॉर्कमध्ये हेझन व ब्राऊन या दोन महिला शास्त्रज्ञांनी १९५० साली जाहीर केलेले निस्टॅटिन, पुढचे अँफोटेरिसिन-बी आणि हमायसिन ही एकाच कुळातील औषधे होत. बुरशीच्या पेशीपटलातील अर्गोस्टेरॉल या घटकाला चिकटून ती पेशी निकामी करतात. नंतर आलेले फ्लुकोनॅझोल अर्गोस्टेरॉल तयारच होऊ देत नाही.

अशा औषधांची तुलना प्रयोगशाळेत कशी होते? छोट्या खळग्यांच्या पट्टीत औषध प्रत्येक वेळी निम्मे पातळ करीत नेतात, प्रत्येक खळग्यात यीस्टच्या सारख्याच पेशी सोडतात आणि ३५ अंश सेल्सिअसला २४ तास ठेवतात. ज्या किमान मात्रेला वाढ थांबते, तो आकडा नोंदविला जातो.

मात्र नुसते आकडे शेजारी ठेवून औषधे तोलता येत नाहीत. 'कँडिडा ऑरिस' या यीस्टसाठी मिलिलिटरला २ मायक्रोग्रॅम हा आकडा अँफोटेरिसिनच्या बाबतीत प्रतिरोधाची खूण मानला जातो. फ्लुकोनॅझोलच्या बाबतीत ती मर्यादा ३२ आहे. शरीरात कोणते औषध किती पोहोचते, यावर या मर्यादा अवलंबून असतात. हमायसिनचेही असेच झाले. काचपात्रात ते प्रभावी ठरले. पण तोंडावाटे दिल्यावर रक्तात भरवशाने उतरेना. परिणामी त्याचा वापर मुख्यतः वरून लावण्यापुरता राहिला.

कँडिडा ऑरिसचे वर्णन प्रथम २००९ साली जपानमध्ये झाले; २०१३ साली भारतातील रुग्णांचे अहवाल प्रसिद्ध झाले. त्याचे बहुतेक वाण फ्लुकोनॅझोलला दाद देत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली त्याला सर्वांत गंभीर गटात घातले. अशा वेळी रुग्णाचे प्राण योग्य औषधाच्या निवडीवर आणि ती निवड खळग्यांतील आकड्याच्या अचूक वाचनावर अवलंबून असते. विद्यार्थ्यांना ही चाचणी शिकविताना हमायसिनचा इतिहास सोबत ठेवल्यास त्या आकड्याचे मोल आणि त्याची मर्यादा दोन्ही स्पष्ट होतील.