भाल्याची मासेमारी

भाला, बरची, त्रिशूल किंवा दोरी बांधलेले हारपून यांसारख्या टोकदार हत्याराने मासा विंधून पकडण्याची पद्धती. मासेमारीच्या ज्ञात पद्धतींपैकी ही अतिप्राचीन होय. जाळ्याने पाण्याचे मोठे क्षेत्र घेरता येते आणि गळाकडे मासा आमिषाने आपण होऊन येतो. भाला वापरणाऱ्यास मात्र माशाच्या जवळ जावे लागते व एका वेळी एकच मासा हाती लागतो. त्यामुळे हत्यारापेक्षाही मासे कोठे, केव्हा व कशासाठी जमतात याची माहिती हाच या पद्धतीचा खरा आधार ठरतो. मासेमाऱ्याला लाभ करून देणारी ही माहिती संयमाने वापरली नाही, तर माशांच्या नाशासही तीच कारण होते. या पद्धतीच्या इतिहासातील हा दुहेरीपणा नांदेड जिल्ह्यातील हदगावच्या उत्तरेकडून वाहणाऱ्या पैनगंगेच्या खोऱ्यात स्पष्टपणे दिसून येतो.

इतिहास : आफ्रिकेतील काँगोमध्ये सेमलिकी नदीकाठच्या काटांडा येथे हाडांची दातेरी टोके सापडली असून त्यांचा काळ सु. ९०,००० वर्षांपूर्वीचा मानला जातो. त्यांच्यासोबत मोठ्या मार्जारमीनांची हाडे मिळाली. ते मासे बहुतांशी पूर्ण वाढीचे असल्यामुळे विणीच्या हंगामात उथळ पाण्यात जमलेल्या माशांचीच शिकार तेथे होत असावी, असे अनुमान संशोधकांनी काढले आहे. पश्चिम यूरोपात पुराणाश्मयुगाच्या अखेरच्या टप्प्यात, मॅग्डेलेनियन संस्कृतीच्या काळी, रेनडिअरच्या शिंगांची दातेरी हारपुने मोठ्या प्रमाणात बनविली जात. ईजिप्तमध्ये थीब्झ येथील मेन्नाच्या थडग्यात (इ. स. पू. सु. १४००) भाल्याने एकाच वेळी दोन मासे विंधल्याचे चित्र आहे. ग्रीक इतिहासकार पॉलिबिअस (इ. स. पू. दुसरे शतक) याने सिसिलीजवळच्या सामुद्रधुनीतील खड्गमीनाच्या शिकारीचे वर्णन केले आहे. तेथे अनेक होड्यांसाठी मिळून एक टेहळ्या असे व माशांचा थवा दिसताच तो इशारा करी. भाल्याचे पाते दांड्यास मुद्दाम सैल बसवून त्याला लांब दोरी बांधलेली असे. टेहळ्या व हत्यार यांची ही जोडी पाहता, मत्स्यस्थानाचा शोध हा शिकारीचा अर्धा भाग मानला जात होता हे उघड आहे.

भारतात गंगा-यमुना दुआबातील ताम्रनिधींमध्ये तांब्याची दातेरी हारपुने आढळली आहेत. त्यांचा काळ इ. स. पू. दुसरे सहस्रक असा धरतात. त्यांचा उपयोग मासेमारीसाठी की अन्य शिकारीसाठी होत असे, याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. महाराष्ट्रात पुणे जिल्ह्यातील इनामगाव या ताम्रपाषाणयुगीन वसाहतीचे उत्खनन डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात केले. तेथील अवशेषांवरून शेतीबरोबर मासेही तेथील लोकांच्या आहारात होते असे दिसते. सम्राट अशोकाच्या पाचव्या स्तंभलेखात काही जातींचे मासे अवध्य ठरविलेले असून चातुर्मासी पौर्णिमा व इतर ठराविक तिथींना मासे मारणे व विकणे निषिद्ध केले आहे. मासेमारीवर कालमर्यादा घालणारी ही भारतातील अतिप्राचीन राजाज्ञांपैकी एक होय.

मराठवाड्याच्या दृष्टीने मानसोल्लास हा संस्कृत ग्रंथ विशेष महत्त्वाचा आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने तो शके १०५१ च्या सुमारास (इ. स. ११२९) रचला. कल्याणी म्हणजे सध्याच्या कर्नाटकातील बसवकल्याण होय. नांदेड जिल्ह्याच्या देगलूर तालुक्यातील होट्टल येथील मंदिरे याच राजघराण्याच्या सत्तेची साक्ष देतात. या ग्रंथात मत्स्यविनोद असे स्वतंत्र प्रकरण आहे. त्यात सु. ३५ प्रकारच्या माशांची नावे, खवले असलेले व नसलेले तसेच समुद्रातील व गोड्या पाण्यातील असे त्यांचे भेद, त्यांची राहण्याची ठिकाणे, त्यांना द्यावयाचे खाद्य आणि गळ टाकण्याची रीत यांचे वर्णन आढळते. प्राणिशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५१ मध्ये या प्रकरणाचा परामर्श घेतला. राजाचा विनोद गळाचा असला, तरी मासा कोठे राहतो व काय खातो हे आधी जाणून घ्यावे, ही त्या प्रकरणाची दृष्टी भाल्याच्या मासेमारीसही तितकीच लागू पडते.

मासेमाऱ्यांच्या या ज्ञानाची आधुनिक शास्त्रातही नोंद झाली. मुंबई इलाख्यातील अधिकारी कर्नल विल्यम हेन्री साइक्स यांनी १८३९ मध्ये दख्खनच्या माशांचे वर्णन प्रसिद्ध करताना अनेक जातींना स्थानिक नावेच शास्त्रीय नाव म्हणून दिली. टॉर खुद्री, लॅबिओ बोग्गट यांसारख्या नावांतून नदीकाठची बोली आजही शास्त्रात वावरते. पुढे फ्रान्सिस डे यांनी १८७३ मध्ये हिंदुस्थान व ब्रह्मदेश येथील गोड्या पाण्यातील मासे व मासेमारी यांवर विस्तृत अहवाल सादर केला. अंडी घालण्यास निघालेल्या माशांची व लहान पिलांची बेसुमार पकड हे मासे घटण्याचे एक मुख्य कारण म्हणून त्यांनी दाखवून दिले.

पैनगंगेचे खोरे : बुलढाण्याजवळ अजिंठ्याच्या डोंगररांगांत उगम पावणारी पैनगंगा काही अंतर नांदेड व यवतमाळ या जिल्ह्यांच्या सीमेवरून वाहते. हिंगोलीकडून येणारी कयाधू तिला हदगावच्या परिसरात मिळते. आणखी पूर्वेस इस्लापूरजवळ काळ्या खडकावरून अनेक धारांनी कोसळणारा सहस्रकुंड धबधबा आहे. येथील पात्र बेसाल्ट खडकाचे असून पावसाळ्यात दुथडी वाहणारी ही नदी उन्हाळ्यात ठिकठिकाणी खंडित होते व खडकातील खोलगट भागांत डोह तेवढे शिल्लक राहतात. हा प्रदेश १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात, १९५६ पासून द्विभाषिक मुंबई राज्यात व १९६० पासून महाराष्ट्रात आहे. मासेमारी हा मुख्यतः भोई समाजाचा व्यवसाय असून त्याचे प्रधान साधन जाळे हेच होय. आंध, गोंड, कोलाम इ. आदिवासी आणि नदीकाठचे शेतकरी यांची मासेमारी घरच्या कालवणापुरती असते. भाला, गळ, बांबूचे सापळे व हाताने चाचपून मासे धरणे या तिच्या रीती होत.

तंत्र : भाल्याचा दांडा सामान्यतः बांबूचा, हलका व माणसाच्या उंचीहून लांब असतो. टोकास एक किंवा अनेक लोखंडी काटे बसवितात. काट्यांना उलटे दात असल्यास विंधलेला मासा निसटत नाही. अनेक काट्यांमुळे नेम थोडा चुकला तरी मासा सापडतो. वामसारख्या निमुळत्या व बुळबुळीत माशासाठी असा भाला सोयीचा असतो.

नेम धरण्यातील मुख्य अडचण प्रकाशाच्या वक्रीभवनामुळे निर्माण होते. पाण्याचा वक्रीभवनांक सु. १.३३ असल्यामुळे सरळ वरून पाहिल्यास एक मीटर खोलीवरील मासा सु. ७५ सेंमी. खोलीवर असल्यासारखा दिसतो. तिरपे पाहिल्यास तो आणखीच वर आल्याचा भास होतो. म्हणून मासा दिसतो त्याच्या खाली नेम धरावा लागतो. नेमके माथ्यावरून पाहिल्यास मासा बाजूला सरकलेला दिसत नाही. त्यामुळे डोहावर झुकलेल्या दरडीवरून सरळ खाली मारलेला भाला सहसा चुकत नाही. भाल्याचे टोक आधीच हळूच पाण्यात बुडविले, तर टोक व मासा दोन्ही सारखेच उचललेले दिसतात व चूक कमी होते. हे गणित शाळेत न शिकताही अनुभवाने मासेमाऱ्याच्या अंगवळणी पडलेले असते.

माशाला पाण्याबाहेरचे जग डोक्यावरील सु. ९७ अंशांच्या वर्तुळाकार झरोक्यातून दिसते. काठावर वाकून बसलेला माणूस त्या झरोक्याच्या कडेला आक्रसून जातो, उभा माणूस मात्र चटकन दिसतो. शिवाय अंगावरील पार्श्विक रेखेच्या साहाय्याने माशाला पाण्यातील सूक्ष्म हादरे कळतात. वाहत्या पाण्यात मासे प्रवाहाकडे तोंड करून राहतात. म्हणून खालच्या अंगाने, पाय न आपटता पुढे सरकतात. यामुळे ढवळलेला गाळही माशाकडे न जाता मागे वाहून जातो. रात्री मशाल किंवा बत्ती घेऊन मासेमारी करण्याचे कारणही दृष्टीशी निगडित आहे. दिवसा पाण्यावर पडणारे आकाशाचे प्रतिबिंब रात्री नसते व जवळ धरलेल्या उजेडात उथळ पाण्याचा तळ स्पष्ट दिसतो.

मत्स्यस्थाने : मासे जमण्याची कारणे मुख्यतः चार आहेत : पाणी, प्राणवायू, अन्न आणि वीण. उन्हाळ्यात पाण्यासाठी ते डोहात गोळा होतात. धबधब्याच्या पायथ्याशी व खळाळाखाली पाण्यात हवा अधिक मिसळलेली असते, तर संगमाजवळ प्रवाहाबरोबर अन्न वाहून येते. काठावरच्या उंबर, जांभूळ यांसारख्या झाडांखाली गळणाऱ्या फळांवर मासे येतात. वाम खडकांच्या कपारीत व गाळात लपते. मरळ पाणवनस्पतींच्या आडोशाला राहते. तिला हवेतील प्राणवायूही घ्यावा लागत असल्यामुळे ती ठराविक वेळाने पृष्ठभागावर येते. पाण्यावर उमटणारे वलय पाहून तिची जागा हेरता येते. पाणकावळे, बगळे व खंड्या यांच्या हालचालींवरूनही थव्यांचा माग लागतो.

विणीच्या वेळी होणारी गर्दी याहून वेगळी असते. मृगाचा पाऊस पडून ओढ्यांना नवे पाणी आले, की अनेक जातींचे मासे प्रवाहाविरुद्ध वर चढतात. त्यांना ‘चढणीचे मासे’ म्हणतात. अंड्यांनी भरलेले हे मासे घोटाभर पाण्यातही आढळत असल्यामुळे त्यांना भाल्याने, काठीने किंवा हातानेही धरता येते. मरळीची जोडी आपल्या पिलांची राखण करते. तांबूस पिलांचा पुंजका पाण्यावर दिसला, की त्याच्या खालीच मोठे मासे आहेत हे जाणकार ओळखतो. पिलांजवळून न हटणारा मासा सहज विंधला जातो आणि राखणदार गेल्यावर पिले इतर माशांच्या भक्ष्यस्थानी पडतात. तात्पर्य, जे लक्षण शिकारीस सर्वांत सोपे, तेच माशाच्या वंशवृद्धीचे सर्वांत नाजूक स्थान होय.

हे केवळ पैनगंगेपुरते खरे नाही. कॅरिबियन समुद्रात नॅसो ग्रूपर हा मासा हिवाळ्यातील पौर्णिमेच्या सुमारास ठराविक जागी हजारोंनी विणीसाठी जमत असे. कोळ्यांना त्या जागा ठाऊक झाल्यावर वर्षानुवर्षे तेथेच मासेमारी झाली व असे अनेक मेळावे नाहीसे झाले. आता ही जात अतिसंकटग्रस्त गणली जाते.

संरक्षण व ऱ्हास : भाला हे निवडक हत्यार आहे. मारणारा मासा पाहून मारतो, तेव्हा लहान मासा सोडणे त्याच्या हाती असते. डोहातील सरसकट संहार इतर रीतींनी होतो. गेळ्याची फळे किंवा हिंगणाची साल कुटून पाण्यात टाकणे, ओढा अडवून पाणी उपसणे, सुरुंगाची दारू उडविणे आणि अलीकडे कीटकनाशके वापरणे या त्या रीती होत. सुरुंग व विष यांचा वापर इंडियन फिशरीज ॲक्ट, १८९७ या कायद्याने दंडनीय ठरविण्यात आला. राज्यनिर्मितीनंतर महाराष्ट्र मत्स्यव्यवसाय अधिनियम, १९६० अस्तित्वात आला. कायद्याच्या पूर्वीपासून काही डोहांना श्रद्धेचे संरक्षण लाभले आहे. देहू येथील इंद्रायणीचा डोह आणि महाडजवळील वाळण कोंड ही त्याची उदाहरणे होत. वाळण कोंड येथे देवीच्या नावाने राखलेल्या डोहात खुद्री मासे सुरक्षित राहिले. असा राखीव डोह म्हणजे उन्हाळ्यात तगून पावसाळ्यात साऱ्या नदीस मासे पुरविणारे बीजभांडारच असते.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मात्र मत्स्यस्थानेच बदलली. हदगावच्या वरच्या बाजूस पैनगंगेवर इसापूर येथे ऊर्ध्व पैनगंगा प्रकल्पाचे धरण १९८२ मध्ये पूर्ण झाले. जलाशयात पाण्याचा मोठा विस्तार निर्माण झाला, तर खालच्या पात्रातील उन्हाळी पाणी धरणातून होणाऱ्या विसर्गावर अवलंबून राहू लागले. धरणाच्या भिंतीमुळे माशांच्या चढणीची वाटही अडली. १९५७ मध्ये हिरालाल चौधरी व के. एच. अलीकुन्ही यांनी प्रेरित प्रजननाचे तंत्र यशस्वी केल्यानंतर रोहू, कटला, मृगळ यांचे बीज जलाशयांत सोडणे सुलभ झाले आणि सहकारी संस्थांची जाळ्याची मासेमारी वाढली. खोल जलाशयात भाल्यास वाव नसतो. नदीच्या पात्रातून वाळूचा उपसा झाल्याने व पाणी आटल्याने उथळ पाण्यातील जागाही कमी झाल्या. १९७२-७३ च्या दुष्काळासारख्या प्रसंगी डोह टिकतो की आटतो, यावर स्थानिक जातींचे अस्तित्व अवलंबून असते.

भाल्याची मासेमारी आता या भागात तुरळक उरली आहे. हत्यार लोहाराकडून पुन्हा घडविता येते. परंतु कोणत्या डोहात उन्हाळाभर पाणी टिकते, कोणत्या ओढ्याने मासा चढतो व कोणत्या काळात त्याला हात लावू नये, हे ज्ञान वापराअभावी एका पिढीत लोपू शकते. जलाशयात बाहेरून बीज सोडता येते, पण नदीतील वाम, मरळ व खुद्री यांच्यासाठी डोह व चढणीच्या वाटा राखणे याला पर्याय नाही. या जागा अचूक सांगू शकणारे लोक म्हणजे त्यांच्या काठी भाला घेऊन बसलेले मासेमारेच होत. त्यामुळे नदीच्या संरक्षणाच्या कोणत्याही योजनेत त्यांच्या या माहितीस स्थान असणे आवश्यक आहे.