पाणचक्की ते विजेची मोटार

वाळूजच्या बजाजनगरांत माझ्या शेजारीं राहणाऱ्या एका तरुणानें विजेची मोटार घेतली आहे. गेल्या वैशाखांत वृद्ध आईला घेऊन तो समृद्धि महामार्गानें नागपुरास जाणार होता. आदल्या सायंकाळीं त्यानें मला विचारलें, "गुरुजी, वाटेंत बॅटरी तापली तर?" प्रश्न यंत्रशास्त्राचा खरा, परंतु मीं जन्मभर मुलांना इतिहास शिकविला, म्हणून उत्तरहि इतिहासांतूनच देणें मला भाग पडलें.

प्रथम आपल्याच शहराकडे पाहूं. मलिक अंबरानें सतराव्या शतकाच्या आरंभीं येथें नहर बांधून पाणी शहरांत खेळविलें. पुढें डोंगरांतल्या झऱ्याच्या पाण्यावर पाणचक्की उभी राहिली. तिच्या हौदाचा तळ हाच खालच्या दालनाचा माथा आहे. म्हणून भर उन्हाळ्यांतहि तें दालन गार राहतें. तितक्याच आकारमानाच्या हवेपेक्षां पाणी सुमारें साडेतीन हजारपट उष्णता पोटांत घेतें, असें शास्त्र सांगतें. जुन्या गवंड्यांना हा आकडा माहीत नसेल, पण त्याचा गुण अनुभवानें ठाऊक होता.

आतां यंत्राकडे वळूं. १९८५ सालीं वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला. त्या काळीं घरोघरीं दिसणाऱ्या चेतक स्कूटरचें इंजिन पंख्याच्या वाऱ्यानें निवत असे. तेवढ्यावर भागे, कारण इंजिनाच्या धातूला बरीच उष्णता सोसते. बॅटरीला ती सोसत नाहीं.

विजेची मोटार ही कांहीं आजची कल्पना नव्हे. बेल्जियमच्या कामीय जेनात्झीनें १८९९ सालीं अशाच गाडींत बसून ताशीं १०० किलोमीटरांची मर्यादा प्रथम ओलांडली. तेव्हांच्या शिशाच्या बॅटऱ्या फार जड. १९९१ सालीं बाजारांत आलेल्या लिथियम-आयन बॅटरीनें ही अडचण पुष्कळ अंशीं दूर केली. मात्र हिची प्रकृति नाजूक. साधारण १५ ते ३५ अंश सेल्सियस तापमानांत ती सुखी असते. नेहमीं तापत राहिली तर तिचें आयुष्य घटतें, आणि आंतला दोष बळावला तर ती पेटहि घेते.

२००८ सालच्या टेस्ला रोडस्टरमध्यें बॅटरीभोंवतीं द्रव खेळविलेला होता. २०१० च्या अखेरीस आलेल्या निसान लीफमध्यें मात्र तशी योजना नव्हती. दोन वर्षांच्या आंतच अमेरिकेंतील ॲरिझोनाच्या तप्त प्रदेशांतून बॅटरी अकालीं क्षीण झाल्याच्या तक्रारी आल्या. पुण्याजवळ रांजणगांवीं तयार होणारी टाटांची नेक्सन ईव्ही २०२० सालीं निघाली, ती द्रवशीतनाची. बॅटरीस लागून नळ्या, त्यांत पाणी व ग्लायकॉल यांचें मिश्रण, तें फिरविणारा पंप आणि उष्णता बाहेर टाकणारा रेडिएटर, अशी ही रचना असते. म्हणजे न्याय पाणचक्कीचाच!

२०२२ सालीं देशांत विजेच्या कांहीं स्कूटरी पेटल्या. मार्चमध्यें पुण्याच्या लोहगांवांतहि एक जळाली. त्यानंतर सरकारनें बॅटरीच्या कसोट्या कडक केल्या व डिसेंबर २०२२ पासून त्या टप्प्याटप्प्यानें लागू झाल्या. ठेच लागल्यावर शहाणपण, हा इतिहासाचा नेहमींचा क्रम आहे.

मग त्या तरुणाला मीं काय सांगितलें? विद्युत्प्रवाह दुप्पट झाला कीं बॅटरींत उत्पन्न होणारी उष्णता चौपट होते. समृद्धीवर सपाटीला ताशीं १२० किलोमीटरांची मुभा आहे. पण ८० च्या मानानें १२० च्या वेगाला वाऱ्याशीं झुंजण्यास तिपटीहून अधिक शक्ति लागते. म्हणून वेग आवर. पहाटे नीघ, दुपार टाळ, गाडी सावलींत उभी कर. निघण्यापूर्वीं शीतद्रवाची पातळी पाहून घे. वाटेंत जलद चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबव. तापलेली बॅटरी वीज हळूहळू घेऊं लागली तर चिडूं नकोस. तो बिघाड नव्हे, गाडीची सावधगिरी आहे. आणि तापमानाचा धोक्याचा इशारा दिसला तर गाडी कडेला घेऊन आधीं आईला खालीं उतरव.

तो पहाटे चारला निघाला. दुपारीं त्याच्या आईचाच फोन आला, "गुरुजी, सुखरूप पोंचलों. गाडीनें दोनदां विसांवा घेतला, म्हणून मलाहि दोनदां चहा मिळाला." घाई केली असती तर तासभर वांचला असता, इतकेंच.