मिस्ट : काहीच न सांगणारा गेम

हेडफोन लावलेत ना? नसतील तर लावा, कारण आजच्या गेममध्ये कानांना बरंच काम आहे. आणि हो, स्पॉयलर येणार आहेत. पण गेम तीस वर्षांहून जुना आहे, तेव्हा राग मानू नका.

तर कल्पना करा. तुम्ही एका बेटाच्या धक्क्यावर उभे आहात. समोर अर्धी बुडालेली बोट, टेकडीवर एक अवाढव्य दातेरी चाक. वाऱ्याचा आवाज, लाटांचा आवाज. स्कोअर नाही, टायमर नाही, शत्रू नाही, ट्युटोरियल नाही. माणूससुद्धा नाही. काय करायचं, हे कोणीच सांगत नाही. २४ सप्टेंबर १९९३ ला मॅकिंटॉशवर आलेल्या ‘मिस्ट’ची सुरुवात ही अशी.

तेव्हाचे अ‍ॅडव्हेंचर गेम वेगळे असायचे. सिएरा कंपनीच्या ‘किंग्ज क्वेस्ट’सारख्या गेममध्ये पाऊल चुकलं की मेलात. त्याहून वाईट म्हणजे सुरुवातीला एखादी वस्तू उचलायची राहिली, तर काही तासांनी कळायचं की आता पुढे जाताच येत नाही. मिस्ट बनवणाऱ्या रँड आणि रॉबिन मिलर या भावांनी हे सगळं काढून टाकलं. मरण नाही, वस्तू भरायची पिशवी नाही. हातात एका वेळी फार तर एक कागद. बाकी जे काही गोळा करायचं, ते डोक्यात.

हे दोघे भाऊ अमेरिकेतले. रँड आधी टेक्सासमधल्या एका बँकेत प्रोग्रामर होता. त्यांची कंपनी सायन, वॉशिंग्टन राज्यातल्या स्पोकेनजवळची. मिस्टच्या आधी त्यांनी लहान मुलांसाठी ‘द मॅनहोल’सारखे गेम केले होते.

आता माझ्यातल्या इंजिनीअरला जो भाग सगळ्यात आवडतो, तो ऐका. मिस्ट बनला हायपरकार्डवर. हे अ‍ॅपलचं १९८७ चं सॉफ्टवेअर. पत्त्यांसारखी कार्डं, एका कार्डावर क्लिक केलं की दुसरं उघडतं. म्हणजे आपण कॉलेजात पॉवरपॉइंटच्या स्लाइड एकमेकींना लिंक करायचो ना, जवळपास तसंच. हायपरकार्ड मुळात ब्लॅक अँड व्हाइट, त्यामुळे रंग दाखवायला वेगळं प्लगइन जोडावं लागलं. बेटाची जमीन बनवायला रॉबिनने करड्या रंगाचा नकाशा काढला. जितका उजळ ठिपका, तितकी उंच जमीन. त्यातून थ्रीडी सॉफ्टवेअरने टेकड्या उभ्या केल्या आणि सुमारे अडीच हजार स्थिर चित्रं रेंडर केली.

स्थिर का? कारण तेव्हाची साधी सीडी ड्राइव्ह सेकंदाला फक्त दीडशे किलोबाइट वाचायची. तुमच्या फोनमधला एक साधा फोटो उघडायला त्या स्पीडने वीस-पंचवीस सेकंद लागतील! त्यामुळे चित्रं कमी रंगांत दाबून बसवली आणि जिवंतपणा आणायचं काम आवाजाकडे दिलं. आगीचा आवाज हवा होता, तर खडीवरून हळूहळू गाडी चालवून तो रेकॉर्ड केला. घड्याळाचे टोले चक्क पान्यावर काढले. पुस्तकात अडकलेले दोन भाऊ, सिरस आणि अकनार, यांची कामं रॉबिन आणि रँडने स्वतःच केली. दोघेही म्हणतात, मला सोडव, तो दुसरा बदमाश आहे.

आणि हा स्लाइड-शो विकला किती गेला? साठ लाखांच्या वर प्रती. २००२ मध्ये ‘द सिम्स’ पुढे जाईपर्यंत तो सर्वाधिक खपाचा पीसी गेम होता. २०१२ मध्ये न्यूयॉर्कच्या मोमा संग्रहालयाने पहिले १४ व्हिडिओ गेम संग्रहात घेतले, त्यातही मिस्ट होता.

हे झालं कौतुक. आता वैताग.

मी मिस्ट खेळलो इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला, हॉस्टेलवर, फोनवर. बेटावर एक रॉकेट आहे. त्याच्या एका टोकाला ऑर्गन, दुसऱ्या टोकाला पाच सरकपट्ट्या. ऑर्गनवर पाच सूर ऐकायचे, लक्षात ठेवायचे, चालत पलीकडे जायचं आणि पट्ट्या त्याच सुरांवर लावायच्या. मी गाण्यात ढ. तासभर झटलो, काही जमेना. शेवटी रूममेटने फोन ओढून घेतला. गावाकडे भजनात पेटी वाजवायचा तो. दोनदा गुणगुणला आणि दार उघडलं! सूर कळत नसलेल्याने काय करायचं, याचं उत्तर गेमकडे नाही.

रॉकेटमधून जिथे पोचतो, तिथे शेवटी जमिनीखाली रुळांचा चक्रव्यूह लागतो. गाडीत बसायचं, सगळीकडे सारखाच अंधार. प्रत्येक वळणावर एक विचित्र आवाज होतो, बस. मी वहीत नकाशा काढला, तीनदा हरवलो. रात्री दीड वाजता हात टेकले आणि नेटवरून उत्तर उतरवून घेतलं. डावीकडे, पुढे, उजवीकडे… बाहेर पडलो. पण कसं, ते कळलंच नाही.

दोन दिवसांनी दुसऱ्या जगात गेलो. तिथे फिरणारा एक किल्ला आहे. तो उत्तरेला वळला की एक आवाज, पूर्वेला वळला की दुसरा. आणि मी ताडकन उठून बसलो. हे तर चक्रव्यूहातले आवाज! प्रत्येक आवाज म्हणजे एक दिशा, दोन आवाज एकत्र आले तर मधली दिशा. गुरुकिल्ली इथे होती आणि मी कुलूप आधीच फोडून आलो होतो.

चूक कोणाची? थोडी गेमचीही आहे. कुठल्याही क्रमाने जा, असं तो म्हणतो, पण खूण एका जगात आणि कोडं दुसऱ्या जगात ठेवतो. शिवाय एका वेळी एकच पान नेता येतं, म्हणून दोन्ही भावांची पानं हवी असतील तर प्रत्येक जगात दोनदा जा. तो चक्रव्यूहसुद्धा दोनदा. हा शुद्ध छळ आहे. पण ते आवाज ओळखीचे वाटले तो क्षण, तो मात्र माझा मीच घालवला.

आता सगळ्यात भारी गोष्ट. मिस्ट कधीही संपवता येतो. शेवटचं कोडं पहिल्या मिनिटापासून तिथेच, वाचनालयाच्या शेकोटीत आहे. त्याचा कोड आणि एका पांढऱ्या पानाची जागा माहीत असेल, तर बाकीची जगं न फिरता काही मिनिटांत गेम खलास. म्हणजे ज्याच्यासाठी आपण चार जगं फिरतो, ती फक्त माहिती. ती कोणीही कानात सांगू शकतं. सांगितली की गेम संपतो आणि हाती काही लागत नाही.

सायनलाही हे दिसलं असणार. २०२१ च्या पीसी आवृत्तीत कोड्यांची उत्तरं दरवेळी बदलण्याचा पर्याय आहे. तो चालू केला की नेटवरून उतरवलेले आकडे बिनकामाचे.

मी आता नोकरी करतो. एरर आली की उत्तर कॉपी करून चिकटवायची सवय आहेच. कोड चालतो, आपण पुढे जातो. पण कधीकधी तो चक्रव्यूह आठवतो आणि मी टॅब बंद करून अर्धा तास स्वतः बघतो. दरवेळी सुटतं असं नाही.

मिस्टच्या डब्यात एक कोरी वही यायची. खेळाडूने स्वतः लिहायची. तुम्ही खेळणार असाल तर एक वही जवळ ठेवा, हेडफोन लावा आणि चक्रव्यूहात अडकलात तर मला मेसेज करू नका. मी सांगणार नाही.

भेटू पुढच्या भागात. तोवर काळजी घ्या!