पाठीवरचे बिऱ्हाड आणि डोंगराचे माप

विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर असते, असे आपण म्हणतो. पण त्या बिऱ्हाडाची लांबी-रुंदी-उंची किती, हे विंचवाला कुणी विचारल्याचे ऐकिवात नाही. आम्हांला मात्र ते विचारण्यात आले, आणि तेही फूट-इंचांत.

२०२३ च्या जुलै महिन्यात आमची कन्या, जावई, दोन नातवंडे आणि आम्ही उभयता अशी सहा माणसे अमेरिकेतील राष्ट्रीय उद्याने पाहावयास निघालो. वाहन होते तिकडे ‘आर. व्ही.’ या नावाने ओळखली जाणारी घरमोटार. निजावयाच्या फळ्या, शेगडी, फ्रीज, न्हाणीघर आणि संडाससुद्धा पोटात बाळगणारी ही तीस फुटी गाडी म्हणजे गिरगावातल्या चाळीतील खोलीलाच कुणी चाके लावावीत, तसा प्रकार! जावईबापू जानेवारीपासून कागद-पेन्सिल घेऊन बसले होते. कोणत्या उद्यानातील तळावर किती फुटी गाडी मावते, पाण्याची टाकी कोठे भरावयाची, सांडपाणी कोठे सोडावयाचे, जनित्र किती वाजेपर्यंत चालू ठेवता येते, या सर्वांचे त्यांनी कोष्टक केले होते. कित्येक तळांवरील जागांची नोंदणी सहा-सहा महिने आधी खुली होते आणि उन्हाळ्यातील तारखा पाहता पाहता संपतात. मुलीच्या लग्नाच्या वेळी कार्यालय मिळवण्यासाठी मी जितकी धावपळ केली नव्हती, तितकी या गृहस्थाने झाडाखालच्या चार रात्रींसाठी केली. मी मनात हसत होतो. माझे हसू झायनच्या बोगद्यापाशी मावळले.

यूटा राज्यातील झायन उद्यानात लाल-गुलाबी वालुकाश्माच्या कड्याच्या पोटातून एक मैलाहून थोडा लांब असा बोगदा खोदलेला आहे. तो १९३० मध्ये खुला झाला. खोदणाऱ्यांनी त्याला मधूनमधून दरीकडे उघडणाऱ्या खिडक्या ठेवल्या. त्यांतून वाटसरूला अंधारातही डोंगर दिसतो. पण ज्या मोटारी डोळ्यांपुढे ठेवून त्यांनी कमान आखली, त्या १९३० सालच्या मोटारी होत्या. आजची घरमोटार त्या कमानीत आपल्या बाजूने चालू लागली, तर तिचा माथा दगडाला घासेल. तिला मधोमधच चालावे लागते. म्हणून १९८९ पासून अशी व्यवस्था झाली, की ११ फूट ४ इंचांहून उंच किंवा ७ फूट १० इंचांहून रुंद गाडी आली, की समोरची वाहतूक थोपवून धरावयाची आणि त्या एकटीला वाट करून द्यावयाची. आम्ही पंधरा डॉलर भरले आणि आमच्यासाठी रस्ता थांबला.

बोगद्यातून बाहेर पडताच थांबवलेल्या मोटारींची भली मोठी रांग दिसली. धाकटा नातू खिडकीला नाक लावून म्हणाला, “आजोबा, हे सगळे आपल्यासाठी थांबलेत?” त्याला मोठी मौज वाटली, एखाद्या संस्थानिकाची स्वारी चालल्यासारखे. मला मात्र अवघडल्यासारखे झाले. डोंगर पाहावयास यावे आणि आपणच लोकांच्या वाटेतला डोंगर होऊन बसावे! माणसाने आपले वाहन डोंगराच्या मापाचे करावे, की डोंगर वाहनाच्या मापाचा करावा? त्या रात्रीपासून मी या प्रश्नाचा इतिहास धुंडाळू लागलो, तेव्हा कळले की तिकडे हा वाद शंभर वर्षांहून अधिक काळ चाललेला आहे.

येलोस्टोन हे जगातील पहिले राष्ट्रीय उद्यान म्हणून मानले जाते. अध्यक्ष ग्रँट यांनी १ मार्च १८७२ रोजी त्याच्या कायद्यावर सही केली, तेव्हा मोटार जन्मालाच आली नव्हती. प्रवासी घोड्यांच्या गाड्यांतून हिंडत. तरीही वाहनासाठी निसर्गाला कापण्याची हौस तेव्हाही होतीच. कॅलिफोर्नियातील योसेमिटीच्या परिसरात वावोना येथे एक प्रचंड सिकोया वृक्ष होता. १८८१ मध्ये त्याच्या बुंध्यातून आरपार बोगदा पाडला गेला. कशासाठी? तर प्रवाशांनी भरलेली घोडागाडी झाडाच्या पोटातून जावी आणि त्यांनी घरी जाऊन ती गोष्ट सांगावी! पुढे त्यातून मोटारीही गेल्या. लोकांनी हजारो छायाचित्रे काढून घेतली. १९६९ मध्ये तो वृक्ष बर्फाच्या भाराने कोसळलेला आढळला. त्या उद्यानात त्यानंतर दुसरे झाड पोखरले गेले नाही.

मोटार आली तेव्हा उद्यानांनी आधी तिला उंबऱ्याबाहेर ठेवले. योसेमिटीत १९०० सालीच एक मोटार पोचली होती. पण १९०७ मध्ये तेथे मोटारींना बंदी झाली. १९१२ मध्ये ही बंदी उठवावी की नाही, यावर खल सुरू झाला. त्या वर्षी अमेरिकेतील ब्रिटिश राजदूत जेम्स ब्राइस यांनी जाहीर भाषणात इशारा दिला: नंदनवनात सर्पाला घ्याल, तर पुढे पस्तावाल. पण काळाचे पाऊल पुढे पडले होते. १९१३ मध्ये योसेमिटीचे आणि १ ऑगस्ट १९१५ रोजी येलोस्टोनचे दार मोटारीला उघडले. येलोस्टोनमध्ये त्या वेळी घोडागाड्या आणि मोटारी एकाच रस्त्यावर. घोडे बुजू नयेत म्हणून कोणत्या ठाण्यावरून किती वाजता निघावयाचे, याचे वेळापत्रकच मोटारवाल्यांच्या हाती दिले जाई. म्हणजे आमच्या जावईबापूंचे कोष्टक काही जगावेगळे नव्हे! घोडे मात्र फार दिवस टिकले नाहीत. १९१७ पर्यंत तेथील प्रवासी घोडागाड्यांची जागा मोटार-बसांनी घेतली.

घरमोटारही याच सुमाराची. १९१० मध्ये पिअर्स-ॲरो कंपनीने निजण्याची सोय असलेली मोटार प्रदर्शनात मांडली. १९१५ मध्ये कॉन्क्लिन नावाचे श्रीमंत कुटुंब न्यूयॉर्कजवळील हंटिंग्टन येथून एका दुमजली बसमध्ये स्वयंपाकघरासह संसार थाटून थेट सॅन फ्रान्सिस्कोला निघाले. त्यांची ती गाडी पंचवीस फुटी होती, आमची तीस! ज्यांना असला थाट परवडत नव्हता, त्यांनी फोर्डच्या स्वस्त मोटारीला तंबू बांधला आणि डब्यातले अन्न खात देश पालथा घातला. अशा हौशी मंडळींनी १९१९ मध्ये फ्लॉरिडातील टँपा येथे ‘टिन कॅन टूरिस्ट्स’ नावाची संघटना काढली. मोटारीच्या रेडिएटरच्या झाकणावर डाळलेला पत्र्याचा डबा, ही त्यांची खूण.

या लोटाला उद्यानांच्या चालकांनी अडवले नाही, उलट बोलावले. १९१६ मध्ये राष्ट्रीय उद्यानांचे स्वतंत्र खाते निघाले आणि स्टीफन मेदर हे त्याचे पहिले संचालक झाले. टाकणखाराच्या व्यापारात पैसा मिळवलेला हा माणूस उद्यानांवर जीव टाकणारा होता. खात्याच्या जन्माआधीच, १९१५ मध्ये, योसेमिटीतील टायोगा रस्ता त्यांनी स्वतःच्या आणि स्नेह्यांच्या पैशाने विकत घेऊन सरकारला दिला. त्यांचे म्हणणे साधे होते: लोक येतील तरच त्यांना ही उद्याने आपली वाटतील, आणि आपली वाटली तरच ती टिकतील. आमची ही गुडघेदुखीने बेजार असते. चाके नसती, तर झायनचे ते कडे तिने चित्रातच पाहिले असते. तेव्हा मेदर यांच्या या विचाराला नावे ठेवण्याचा अधिकार निदान मला तरी नाही.

पण मोटारीचे पाऊल जड असते. १९२०-३० च्या दशकांत तळांवर मोटारी वाटेल तेथे उभ्या राहू लागल्या. डॉ. मायनेके या वनस्पतिरोगतज्ज्ञाने रेडवुड वृक्षांभोवतीची जमीन तपासली, तेव्हा त्यांना दिसले की चाकांनी आणि पावलांनी माती घट्ट दडपली जाते आणि मुळांचा श्वास कोंडतो. झाडांना रोग नव्हता. पाहुण्यांचे प्रेमच त्यांना मारत होते! १९३२ च्या सुमारास त्यांनी उपाय सुचवला: तळावर एकेरी वळसेदार रस्ता असावा, प्रत्येक कुटुंबासाठी त्याला तिरपा छोटा फाटा असावा, आणि फाट्याबाहेर चाक जाऊ नये म्हणून दगड-ओंडके रोवावेत. ही पद्धत सर्वत्र उचलली गेली. आज उद्यानातील जुन्या तळावर तीस फुटी गाडीला जागा का मिळत नाही, याचे उत्तर पुष्कळदा या फाट्यांत सापडते. ते आपल्या आजोबांच्या मोटारीच्या मापाचे आहेत.

दुसऱ्या महायुद्धानंतर मात्र लोटाचा पूर झाला. १९५० मध्ये वर्षाकाठी सुमारे ३ कोटी ३० लाख भेटी झाल्या होत्या. १९५५ मध्ये त्या साडेपाच कोटींवर गेल्या. रस्ते उखडले, तळ तुंबले. १९५३ मध्ये बर्नार्ड डी व्होटो या इतिहासकाराने संतापून लिहिले, की पैसा देता येत नसेल तर मोठी उद्याने बंदच करा! त्यावर १९५६ मध्ये ‘मिशन ६६’ ही दहा वर्षांची प्रचंड योजना आली. रस्ते रुंदावले, नवे तळ झाले. याच काळात १९६६ मध्ये आयोवातील विनेबागो कंपनीने घरमोटारी काढावयास प्रारंभ केला आणि चाकांवरचे बिऱ्हाड मध्यमवर्गाच्या आवाक्यात आले. रस्ता रुंदावला की गाडी रुंदावते, आणि गाडी रुंदावली की रस्ता पुन्हा अरुंद ठरतो. सुनेसाठी घर वाढवावे आणि तेवढ्यात पाळणा हलावा, तशातलेच हे!

आणि मग वारे फिरले. १९७० मध्ये योसेमिटी खोऱ्यात मोफत बस सुरू झाली. २००० पासून झायनच्या मुख्य खोऱ्यात बसच्या हंगामात खासगी मोटारींना मज्जाव झाला. बोगद्याचेही तेच: २०२६ च्या जूनपासून मोठ्या गाड्यांना तो मार्गच बंद करून दुसऱ्या रस्त्याने पाठवावयाचे, असे झायनच्या चालकांनी जाहीर केले. म्हणजे आमच्यासाठी थांबली तशी रांग आमच्या नातवाच्या मुलांना दिसावयाची नाही. बोगदा मोठा करावयाचे ठरले नाही, याचेच मला अप्रूप वाटते.

आमच्या सहलीचा शेवट मोंटाना राज्यातील ग्लेशियर उद्यानात झाला. तेथील ‘गोइंग टू द सन’ रस्ता १९३२ मध्ये पूर्ण झाला. आधीच्या आराखड्यात पंधरा नागमोडी वळणे होती. पण टॉमस व्हिंट या रचनाकाराने आग्रह धरला, की डोंगराच्या अंगावर इतके ओरखडे नकोत. अखेर एकाच मोठ्या वळणावर काम भागवले आणि उरलेला रस्ता कड्याच्या कडेने कोरला. या रस्त्याच्या वरच्या भागात एकवीस फुटांहून लांब किंवा आठ फुटांहून रुंद गाडीला प्रवेश नाही. मग आमची खोली आम्ही तळावरच ठेवली आणि तेथील प्रसिद्ध लाल बसमध्ये बसलो. १९३० च्या दशकात घडवलेल्या या गाड्या दुरुस्त्या होत होत अजून चालत आहेत. त्यांचे छत कापडी. ऊन पडले की गुंडाळून ठेवतात.

हिला दोघांनी हात देऊन चढवले. घाट लागला, छत उघडले, आणि वर बर्फाची शिखरे दिसू लागली. तीस फुटी गाडीच्या काचेतून महिनाभर न दिसलेले आकाश त्या जुन्या बसमधून दिसले. ही बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “अहो, एवढे मोठे घर उगीचच ओढत आणले.”

फराळाच्या ताटाभोवतीच पुढच्या उन्हाळ्याचे बेत शिजू लागतात. वाचकांपैकी कुणाची मुले तिकडे असतील आणि त्यांनी असा बेत कळवला, तर मागे बांधलेल्या सायकली आणि टपावरचे वातानुकूलन यंत्र धरून गाडीचे माप आधी मागवून घ्यावे, मग उद्यानाचे नियम पाहावेत, आणि दोहोंचे जमत नसेल तर गाडी लहान करावी. डोंगर त्याच्या मापाचा आहे तोच बरा आहे.