यंत्राभोवतीची बैठक

तरुण मंडळी समोरासमोर बोलेनाशी झाली आहेत, ही तक्रार आज घरोघर ऐकू येते. चार मित्र एका बाकावर बसावेत आणि चौघांचीही दृष्टी आपापल्या मोबाईलवर खिळलेली असावी, हे दृश्य आगगाडीच्या डब्यापासून महाविद्यालयाच्या उपाहारगृहापर्यंत सर्वत्र दिसते. त्याचा सारा दोष इंटरनेटच्या माथी मारला की तक्रार करणाऱ्यांचे समाधान होते. परंतु दूरचा शब्द घराशी आणून देणारी साधने या देशाला नवी नाहीत. त्यांचा इतिहास तपासून पाहिला, तर या प्रश्नाचा निराळाच उलगडा होतो.

हिंदुस्थानात पोस्टकार्ड १८७९ साली आले. त्याची किंमत होती पाव आणा. साक्षरता फारच थोडी असल्याने आलेले कार्ड बहुधा दुसऱ्या कोणाकडून वाचून घ्यावे लागे. कधी पोस्टमन, कधी शाळेतले मास्तर ते वाचून दाखवीत, आणि ऐकायला शेजारीपाजारीही कान देत. मुंबईच्या मोठ्या टपाल कचेरीबाहेर पत्रलेखक बसत. पोटासाठी शहरात आलेला माणूस त्यांच्यापुढे आपले मन मोकळे करी, तेव्हा कोठे ते कागदावर उतरे. पत्र दूरच्या माणसाचे असे. पण त्यासाठी जवळच्या माणसाशी बोलावेच लागे.

नभोवाणीचीही तीच कथा. मुंबई केंद्राचे उद्घाटन २३ जुलै १९२७ रोजी झाले. पुढे कित्येक वर्षे रेडिओचा संच ही सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेरची वस्तू होती. त्यामुळे जेथे संच असेल तेथे माणसे जमत. या जमण्यालाच शिस्त लावण्याचा एक संस्मरणीय प्रयोग १९५६ साली महाराष्ट्राच्या भूमीवर झाला. युनेस्कोच्या साहाय्याने आकाशवाणीच्या पुणे केंद्राने तत्कालीन मुंबई राज्यातील पाच मराठी जिल्ह्यांत, सुमारे दीडशे गावांतून, शेतकऱ्यांची श्रोतृमंडळे स्थापन केली. आठवड्यातून दोनदा असे वीस कार्यक्रम झाले. मंडळाचे सभासद एकत्र बसून कार्यक्रम ऐकत, तो संपला की त्यावर आपसांत चर्चा करीत, आणि उरलेल्या शंका केंद्राकडे लिहून पाठवीत. प्रत्येक मंडळाला एक निमंत्रक असे. सभासदांना जमवणे आणि चर्चा चालती ठेवणे, हे त्याचे काम.

मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने या प्रयोगाची पाहणी केली. तिच्यासाठी गावांचे तीन गट पाडले होते. काही गावांत मंडळ होते. काही गावांत रेडिओ होता, पण मंडळ नव्हते. आणि काही गावांत रेडिओच नव्हता. मंडळे असलेल्या गावांतील लोकांच्या माहितीत लक्षणीय भर पडली. नुसता रेडिओ असलेल्या गावांत मात्र तशी भर आढळली नाही. यंत्र दोन्हीकडे होते. फरक बैठकीचा होता. हा निष्कर्ष शेतीपुरता मानला गेला, पण त्याचा अर्थ त्याहून व्यापक आहे. यंत्र शब्द आणून देते. त्या शब्दाचे शहाणपण माणसे माणसांत बसूनच करतात.

पुढची साधनेही दीर्घकाळ सामाईकच राहिली. दिल्लीत दूरचित्रवाणीचा प्रारंभ १५ सप्टेंबर १९५९ रोजी झाला. १९७५-७६ मध्ये उपग्रहाद्वारे सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत कार्यक्रम पोचवण्यात आले, तेही गावाच्या सामाईक संचांवर. १९८७-८८ मध्ये ‘रामायण’ मालिकेच्या वेळी ज्याच्या घरी संच असे, त्याच्या घरी सारी आळी लोटत असे. इंटरनेटची सेवा १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांना खुली झाली. त्यानंतर गल्लोगल्ली निघालेल्या सायबर कॅफेंत तासावर पैसे मोजून एकाच संगणकापुढे दोन-तीन मित्र खेटून बसत. म्हणजे इंटरनेटचा पहिला काळसुद्धा बैठकीचाच होता.

खरा पालट नंतर झाला. स्मार्टफोन हाताहाती पोचला, आणि सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाल्यानंतर इंटरनेटचे दर झपाट्याने कोसळले. संदेश आणणारे यंत्र प्रथमच प्रत्येकाच्या खिशात आले. आता पत्र वाचून घ्यायला मास्तर नको, गाणे ऐकायला शेजारी नको आणि पत्ता विचारायला वाटसरूही नको. दुर्मिळतेमुळे जी संगत आपोआप घडत होती, तिचे निमित्तच नाहीसे झाले. ज्याला निमित्त लागत नाही ते टळते, हा मनुष्यस्वभाव आहे. आणि अनोळखी माणसाशी बोलताना मुळातच बुजणाऱ्या तरुण वयाला तर असे टळणे सोयीचेच वाटते.

याचा परिणाम किती खोल आहे, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. अमेरिकेतील पिट्सबर्ग शहरात १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात इंटरनेटच्या वापराबरोबर घरातला संवाद घटल्याचे आढळले होते. त्याच संशोधकांनी पुढे पुन्हा पाहणी केली, तेव्हा तो परिणाम बहुतांशी ओसरलेला दिसला. उलट कॅलिफोर्नियातील २०१४ सालच्या एका अभ्यासात ५१ शाळकरी मुलांना पाच दिवस पडद्यांपासून दूर शिबिरात ठेवण्यात आले, आणि चेहऱ्यावरचे भाव ओळखण्यात ती मुले इतरांपेक्षा अधिक सुधारली. शक्ती नष्ट झालेली नसते. तिला सराव मिळालेला नसतो, एवढे यावरून म्हणता येईल.

जुन्या बैठकीचे गोडवे गातानाही एक भान ठेवले पाहिजे. चावडीवरच्या संचाजवळ कोणी बसावे आणि कोणी लांबून ऐकावे, हे अनेक ठिकाणी जात ठरवीत असे. स्त्रियांना तर तेथे क्वचितच जागा असे. सामाईक यंत्रावर खाजगी शब्दाला वाव नव्हता. आज एखादी मुलगी कोणाचीही परवानगी न घेता मैत्रिणीजवळ आपले दुःख बोलू शकते. ज्यांना ऐकू येत नाही असे दोन तरुण शेकडो मैलांवरून एकमेकांच्या खुणा पाहत गप्पा मारू शकतात. इंदूर किंवा बडोद्याच्या मराठी घरातला नातू गावच्या आजीचा चेहरा रोज पाहू शकतो. हा लाभ लहान नाही, आणि तो परत करावा असे कोणी म्हणू नये.

परंतु समोर बसलेल्या माणसाशी मतभेद व्हावा, त्याचा राग डोळ्यांत दिसावा, आणि तरीही उठून जाता येऊ नये, ही लोकशाहीची पहिली शाळा आहे. पडद्यावरचा वाद बोटाच्या एका स्पर्शाने मिटवता येतो. बैठकीतला वाद मिटवायला माणसाला माणूस समजून घ्यावा लागतो. ही शाळा पूर्वी गरजेपोटी भरत असे. ती गरज आता परतणार नाही. १९५६ च्या त्या दीडशे गावांनीही केवळ यंत्रावर विसंबून चालवले नव्हते. कोणीतरी दिवस ठरवला, घोंगडी अंथरली, माणसांना हाक मारली आणि कार्यक्रम संपल्यावर पहिला प्रश्न विचारला. आजच्या महाविद्यालयांत, वाचनालयांत आणि घराघरांत यंत्रांची वाण नाही. वाण आहे ती अशा निमंत्रकाची.