टेबलावरचा मुलूख : चाळीसगावचे केकी मूस

स्थिरचित्र म्हटलं की आपल्याला विद्यार्थ्यांचा सराव आठवतो : एक तांब्या, दोन फळं, मागे पडदा. पण दुसरं महायुद्ध संपलं त्याच वर्षी, नोव्हेंबर १९४५ मध्ये, पिकासो पॅरिसला मूर्लो यांच्या शिळाछापखान्यात कामाला लागला. १९४६ साली त्याने एक काळा खुजा आणि शेजारी कवटी अशी शिळाछाप केली. त्यात रणांगण नाही, सैनिक नाही. तरी युद्धाची आठवण त्या दोन वस्तूंतून येते.

आता खानदेशात येऊ. त्याच काळात चाळीसगावला, स्टेशनजवळच्या घरात, केकी मूसही टेबलापुढेच उभे होते. फक्त त्यांच्याकडे शिळेऐवजी कॅमेरा होता. जन्म १९१२ चा, कुटुंब पारशी. इंग्लंडमध्ये कलाशिक्षण घेऊन ते चाळीसगावला परतले आणि ३१ डिसेंबर १९८९ रोजी निधन होईपर्यंत तिथेच राहिले. घराबाहेर ते क्वचितच पडले.

त्यांचं नाव झालं ते ‘टेबलटॉप’ छायाचित्रांमुळे. टेबलावर लहानसहान वस्तू मांडायच्या आणि पाहणाऱ्याला अख्खा निसर्ग दिसला पाहिजे! हे दिसतं तितकं सोपं नाही बरं का. कॅमेरा जवळ नेला की पुढचं स्पष्ट येतं, मागचं पुसट होतं, आणि खेळणं उघडं पडतं. म्हणून भिंगामागचं छिद्र बारीक ठेवायचं आणि प्रकाश जास्त वेळ आत घ्यायचा. उन्हाचा देखावा असेल तर सावल्या एकाच दिशेला पडायला हव्यात, कारण सूर्य एकच. एखादी सावली चुकली तरी सगळा देखावा फसतो.

मूस यांच्याबद्दल आपण ऐकतो ती मात्र बहुधा प्रेमकथा : मुंबईची प्रेयसी, पंजाब मेल, आणि तिच्यासाठी उघडं ठेवलेलं दार. गोष्ट मनाला लागते, पण तिच्यापायी मूस नुसते वाट पाहणारे गृहस्थ होऊन बसतात. वाट पाहणाऱ्याचे हात रिकामे असतात, यांचे नव्हते. बाहेर न जाता त्यांनी बाहेरचं जग टेबलावर, इंचाइंचाने, पुन्हा बांधलं. हा हिशेबी, चिकाटीचा कारागीर त्या कथेत कुठेच दिसत नाही.

त्यांच्या घरातच आज कलासंग्रह आहे. चाळीसगावला गाडी बदलून धुळ्याला जाणाऱ्यांनी एकदा वाकडी वाट करावी. प्रेमकथा तिथेही ऐकू येईलच; पण छायाचित्रापुढे उभं राहिल्यावर आधी एवढंच शोधावं : उजेड कुठून येतोय?